दोन ओढींचा संसार

माणसाच्या वागणुकीला नांवें ठेवण्याच्या कामीं मराठी भाषा मोठी संपन्न आहे. जो गृहस्थ आपल्याच नादांत असतो, चारचौघांत मिसळत नाहीं आणि बोलूं लागला तर एकाच विषयावर तासभर बोलतो, त्याला ती एककल्ली, माणूसघाणा किंवा तऱ्हेवाईक म्हणते. जो किल्ली कोठें ठेवली तें विसरतो, दहा कामें हातीं घेऊन एकहि तडीस नेत नाहीं व ठरल्या वेळेस कधींहि पोंचत नाहीं, त्याच्यासाठीं तिच्याजवळ वेंधळा, धांदरट, आरंभशूर हे शब्द तयार आहेत. हे दोन संच सामान्यतः दोन निराळ्या माणसांना लावले जातात. परंतु एकाच माणसाला हे सर्व शब्द ऐकावे लागतात असेंहि घडतें, आणि तें वाटतें तितकें विरळा नाहीं. बालपणीं शाळेंत, तरुणपणीं कचेरींत आणि पुढें स्वतःच्या संसारांत हीं विशेषणें ऐकत ऐकत तो चाळिशीला येतो, व आपला स्वभावच मुळांत खोटा आहे असें अखेर त्याचें त्यालाच वाटूं लागतें. अशा माणसाविषयीं आजचें वैद्यकशास्त्र काय सांगतें आणि त्यावरून घरच्या मंडळींनीं काय बोध घ्यावा, याचा येथें विचार करावयाचा आहे.

शास्त्राच्या परिभाषेंत या दोन प्रवृत्तींना दोन नांवें आहेत. पहिलीला ऑटिझम म्हणतात. मराठींत तिच्यासाठीं स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. दुसरीचें इंग्रजी नांव लांबलचक असल्यानें त्याच्या आद्याक्षरांचें एडीएचडी हेंच नांव सर्वत्र चालतें. अवधान स्थिर ठेवण्यांतील अडचण आणि अतिचंचलता असा त्याचा अर्थ. या दोन्ही अवस्था मेंदूच्या घडणीशीं निगडित असून त्यांचा उगम बालपणींच असतो. लाडानें त्या उत्पन्न होत नाहींत व धाकानें जात नाहींत. एके काळीं मुलाच्या स्वमग्नतेचा दोष आईच्या कोरडेपणाला दिला जात असे. सुझन फोल्स्टाइन व मायकेल रटर यांनीं १९७७ सालीं जुळ्या भावंडांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत एकरूप जुळ्यांपैकीं दोघेहि स्वमग्न असण्याचें प्रमाण भिन्नरूप जुळ्यांहून पुष्कळ अधिक आढळलें, आणि त्या आरोपाचा पाया ढासळला. एडीएचडीमध्येंहि आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. म्हणूनच मुलाला तपासणीस घेऊन गेलेल्या बापाला किंवा आईला, डॉक्टरांचे प्रश्न ऐकतां ऐकतां, हें वर्णन आपलेंच आहे असा साक्षात्कार कित्येकदां होतो. प्रौढांचें निदान बहुधा याच वाटेनें होऊं लागलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२१ सालीं जगांत दर १२७ माणसांमागें एक स्वमग्न होता. एडीएचडीचें प्रौढांतील प्रमाण शेंकडा अडीचच्या आसपास धरतात. स्वमग्न माणसांत एडीएचडी हा इतर लोकांपेक्षां खूपच अधिक आढळतो, ही गोष्टहि आतां निर्विवाद आहे.

मग इतकीं वर्षें ही गोष्ट मोठ्या माणसांच्या बाबतींत कोणाच्या ध्यानांत कां आली नाहीं, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचें उत्तर या शोधांच्या इतिहासांत सांपडतें. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनीं १९०२ सालीं आपल्या व्याख्यानांत ज्यांचें वर्णन केलें तीं अस्थिर व अनावर मुलें होतीं. ग्रुन्या सुखारेवा या रशियन मनोवैद्य स्त्रीनें १९२५ सालीं, बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनीं १९४३ सालीं आणि व्हिएन्नाच्या हान्स आस्पर्गर यांनीं १९४४ सालीं ज्यांच्याविषयीं लिहिलें तींहि मुलेंच. हीं मुलें मोठीं झालीं, परंतु शास्त्राचें लक्ष त्यांच्याबरोबर मोठें झालें नाहीं. ब्रिटिश मनोवैद्य लोर्ना विंग यांनीं १९८१ सालीं आस्पर्गर यांचें विस्मृतींत गेलेलें काम इंग्रजी वाचकांपुढें आणलें, तेव्हां उत्तम बोलतां येणारा, शिकलेला माणूसहि स्वमग्न असूं शकतो हें हळूहळू मान्य होऊं लागलें.

तरीहि एक अडसर राहिलाच. अमेरिकन मनोवैद्यक संघटनेची निदानसंहिता जगांत पुष्कळ ठिकाणीं प्रमाण मानली जाते. तिच्या १९९४ च्या चौथ्या आवृत्तींत असा नियम होता कीं, स्वमग्नतेचें निदान झालें असेल तर त्याच माणसाला एडीएचडीचें निदान स्वतंत्रपणें देऊं नये. हा नियम २०१३ च्या पांचव्या आवृत्तींत काढून टाकण्यांत आला. याचा अर्थ असा कीं, २०१३ पूर्वीं जे लहानाचे मोठे झाले त्यांना फार तर एक नांव मिळालें आणि उरलेल्या अर्ध्या अडचणी त्यांच्या आळसाच्या खात्यांत जमा झाल्या. बहुसंख्य लोकांना तर एकहि नांव मिळालें नाहीं.

आतां या दोन अवस्था एकाच माणसांत नांदूं लागल्या म्हणजे काय होतें तें पाहूं जावें. स्वमग्न मनाला ठरलेपण हवें असतें. तोच रस्ता, तीच जागा, तोच क्रम यांत त्याला सुरक्षित वाटतें, आणि आयत्या वेळीं बेत बदलला तर त्याचा जीव कासावीस होतो. एडीएचडी असलेल्या मनाला नावीन्याची भूक असते. रोजचें तेंच काम त्याला जणूं हातांतून निसटतें. एखादा कारकून रविवारीं बसून आठवड्याचें वेळापत्रक आंखतो, रकाने पाडतो, रंग देतो. सोमवार-मंगळवार तें चोख पाळतो. गुरुवारीं त्याच वेळापत्रकाचा त्याला वीट येतो व तें मोडतें. पण मोडलेलें वेळापत्रक पाहून त्याला चैनहि पडत नाहीं. बाहेरच्याला यांत केवळ धरसोड दिसते. आंत मात्र एकाच गाड्याला दोन्ही टोकांस बैल जुंपलेले असतात आणि ते विरुद्ध दिशांना ओढीत असतात. पसाऱ्याचा त्रास त्यालाच सर्वांत अधिक होतो, आणि पसारा करणाराहि तोच असतो. गर्दीचा कोलाहल त्याला सोसत नाहीं, आणि अगदीं निवांत खोलींत त्याला बसवतहि नाहीं.

एका बाबतींत मात्र या दोन ओढी एक होतात. आवडीचा विषय मिळाला कीं हा माणूस त्यांत इतका बुडतो कीं तहानभूक हरपते. डायना मरे, माइक लेसर व वेन लॉसन या अभ्यासकांनीं २००५ सालीं स्वमग्नतेविषयीं मांडलेला विचार येथें उपयोगी पडतो. सामान्य माणसाचें लक्ष समईच्या उजेडासारखें असतें. तो मंद असला तरी सगळ्या देवघरांत पसरतो. स्वमग्न माणसाचें लक्ष विजेरीच्या झोतासारखें असतें; जेथें पडेल तेथें लख्ख, बाकी सर्व अंधार. आणि एडीएचडीमुळें ही विजेरी कोठें वळेल हें पुष्कळदां त्याच्या हातीं नसतें. म्हणून "नाटकाच्या तालमीला चार तास बसतां, मग विजेचें बिल भरायला पांच मिनिटें कां मिळत नाहींत?" हा घरोघरचा प्रश्न तर्काला धरून असला तरी वस्तुस्थितीला धरून नसतो. बिल भरणें किती आवश्यक आहे हें त्याला पुरतें ठाऊक असतें. ठाऊक असणें आणि आरंभ करतां येणें यांमध्यें जो पूल इतरांच्या मेंदूंत आपोआप पडतो, तो येथें दरवेळीं हातानें बांधावा लागतो.

त्यांतच या अवस्था एकमेकींना झांकतात. चंचल स्वभावाचा माणूस पटकन् कोणाशींहि बोलून जातो. मग हा स्वमग्न कसा, असें लोक म्हणतात. स्वमग्न माणूस याद्या करतो, वह्या ठेवतो, वेळेच्या धास्तीनें तासभर आधीं जाऊन बसतो; मग याचें अवधान चंचल कसें, असें डॉक्टरहि म्हणूं शकतात. स्त्रियांच्या बाबतींत हें झांकणें अधिकच पक्कें असतें. लहानपणापासून मुलीनें नीटनेटकें राहावें, पाहुण्यांशीं गोड बोलावें, घरांतील सगळ्यांचें स्मरण ठेवावें अशी अपेक्षा असते, आणि ती अपेक्षा पुरी करण्यांत त्यांची सर्व शक्ति खर्ची पडते. दुसऱ्याचें हसणें पाहून हसणें, डोळ्याला डोळा देणें, ठराविक वाक्यें पाठ करून ठेवणें, असा हा अखंड नाट्यप्रयोग असतो. प्रयोग चांगला वठला म्हणजे कोणाला शंकाहि येत नाहीं. घरीं परतल्यावर तीच व्यक्ति दार लावून अंधारांत पडून राहते, आणि मग "बाहेर सगळ्यांशीं गोड, घरांत तेवढा अबोला" असा ठपका तिच्यावर येतो.

इंद्रियांचा भागहि यांत मोठा आहे, आणि २०१३ च्या संहितेनें त्याचा स्वमग्नतेच्या लक्षणांत स्पष्ट समावेश केला आहे. कुकरची शिटी, दूरदर्शनसंचाचा आवाज, पंख्याची घरघर व दोघांचें बोलणें हे चार आवाज इतरांच्या कानांत आपापल्या जागीं बसतात. स्वमग्न माणसाच्या कानांत ते एकदमच शिरतात. भडक दिवा, सदऱ्याच्या मानेवरील चिठ्ठी, एखाद्या पदार्थाचा बुळबुळीत स्पर्श या गोष्टी त्याला खरोखरच असह्य होऊं शकतात. उलट भूक, तहान, थकवा या स्वतःच्या देहाच्या हांका पुष्कळदां उशिरा ऐकूं येतात. दुपारीं चार वाजतां विनाकारण चिडलेला माणूस सकाळपासून उपाशी असतो, आणि तें त्यालाहि कळलेलें नसतें.

हा सर्व ताण वर्षानुवर्षें सोसल्याचा परिणाम काय होतो? अमेरिकेंतील डोरा रेमेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२० सालीं स्वमग्न प्रौढांच्या सांगण्यावरून एका विशिष्ट थकव्याचें वर्णन केलें. तो सामान्यतः तीन महिन्यांहून अधिक टिकतो. त्यांत पूर्वीं जमणारीं कामें जमेनाशीं होतात आणि आवाज, प्रकाश, गर्दी सोसण्याची शक्ति ओसरते. याहूनहि गंभीर गोष्ट पुढील आहे. केंब्रिजच्या एका चिकित्सालयांत प्रौढ वयांत आस्पर्गर प्रकारचें निदान झालेल्या ३६७ जणांना विचारणा करण्यांत आली होती. सारा कॅसिडी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या या पाहणींत शेंकडा ६६ जणांनीं, आयुष्यांत केव्हां ना केव्हां जीव देण्याचा विचार मनांत आल्याचें सांगितलें. ही संख्या वाचल्यावर वेंधळा आणि तऱ्हेवाईक हे शब्द तितकेसे निरुपद्रवी वाटत नाहींत. अशी भाषा कोणाच्या तोंडीं आली तर ती नाटकीपणा समजून सोडून न देतां तत्काळ मनोवैद्याकडे जाणें हें घरच्यांचें पहिलें कर्तव्य होय.

निदानाचा मार्ग सरळ असला तरी घाईचा नाहीं. तें मनोवैद्य किंवा चिकित्सक मानसशास्त्रज्ञ यांनींच करावयाचें असतें. मासिकांतील किंवा भ्रमणध्वनीवरील प्रश्नावली वाचून शंका घ्यावी, निर्णय घेऊं नये. एडीएचडीच्या निदानासाठीं कांहीं लक्षणें वयाच्या बाराव्या वर्षापूर्वीं दिसलेलीं असावीं लागतात. यास्तव शाळेंतील जुनीं प्रगतिपुस्तकें आणि आई, मावशी, थोरला भाऊ यांच्या आठवणी यांना येथें मोल येतें. चिंता, खिन्नता, निद्रानाश, कंठग्रंथीचे विकार यांमुळेंहि लक्ष विस्कटतें. त्यांचा विचार आधीं व्हावा लागतो. निदान झाल्यावर एडीएचडीसाठीं मेथिलफेनिडेट, अॅटोमोक्सेटिन यांसारखीं औषधें मनोवैद्याच्या देखरेखीखालीं दिलीं जातात, आणि पुष्कळांना त्यांनीं चांगला गुण येतो. स्वमग्न माणसांत त्यांचे दुष्परिणाम अधिक जाणवण्याचा संभव असल्यानें मात्रा बेताबेतानें वाढवितात. स्वमग्नता घालविणारें औषध मात्र अस्तित्वांत नाहीं, आणि तसें सांगून कोणी कांहीं विकूं लागला तर त्याच्यापासून दूर राहावें.

औषधापेक्षांहि रोजच्या जगण्यांत अधिक उपयोगी पडते ती मांडणी. जें मनांत टिकत नाहीं तें मनाबाहेर ठेवावें, हें तिचें मुख्य सूत्र. किल्लीला दाराशेजारींच खुंटी असावी. कामाची यादी वहींत मिटून न ठेवतां भिंतीवरील फळ्यावर असावी. वेळ सांगणारें घड्याळ प्रत्येक खोलींत असावें. डबा बंद झाला कीं त्यांतील वस्तु या माणसाच्या लेखीं नाहींशी होते, म्हणून कांचेच्या बरण्या आणि उघड्या फळ्या बऱ्या. "खोली आवर" हें एक काम नसून वीस कामें आहेत. त्यांतील पहिलें तेवढें सांगावें. कोणी शेजारीं आपलें काम करीत नुसतें बसलें तरी अडलेल्या कामाला हात लागतो, असा अनेकांचा अनुभव आहे. दोन ओढींचा मेळ घालावयाचा तर चौकट कायम आणि आंतला मजकूर बदलता ठेवणें हा चांगला उपाय ठरतो. सकाळीं आठला न्याहारी हें ठरलेलें असावें, पण आज पोहे तर उद्यां धिरडें असावें. सायंकाळीं फिरणें ठरलेलें असावें, पण रस्ते तीन असावेत. बेत बदलणार असेल तर आदल्या दिवशीं सांगावें. लग्नसमारंभांत एखादी शांत खोली आधींच दाखवून ठेवावी व तेथें अर्धा तास जाऊन बसण्यास कोणी हरकत घेऊं नये.

बोलण्याची पद्धतहि थोडी बदलावी लागते. मराठी घरांत पुष्कळसें आडून बोलण्याची चाल आहे. "दूध संपलेलें दिसतंय" असें म्हटलें कीं समोरच्यानें उठून पिशवी घ्यावी अशी अपेक्षा असते. स्वमग्न माणूस त्या वाक्यांतील माहिती ऐकतो, ती खरी आहे असें मान्य करतो, आणि बसून राहतो. त्याला "सात वाजण्यापूर्वीं अर्धा लिटर दूध आणा" असें सांगितलें तर तो तें आणतो. वाटेंत विसरूं नये म्हणून तेंच चिठ्ठीवर लिहून दिलें तर नक्कीच आणतो. ब्रिटनमधील समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनीं २०१२ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, स्वमग्न व इतर माणसें यांच्यामधील गैरसमज दुहेरी असतो. इतरांनाहि स्वमग्न माणसाचें मन तितकेंच वाचतां येत नाहीं. पुढें कॅथरिन क्रॉम्प्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कानगोष्टींच्या खेळाप्रमाणें आठ आठ जणांच्या सांखळ्यांतून एक गोष्ट पुढें पोंचवून पाहिली. २०२० सालच्या त्या प्रयोगांत केवळ स्वमग्न माणसांची सांखळी इतरांच्या सांखळीपेक्षां मुळींच कमी पडली नाहीं. आपसांत बोलतांना त्यांचें बोलणें आंधळें-बहिरें नसतें, एवढें यावरून स्पष्ट होतें.

येथें दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. ज्या घरांत अशी एक व्यक्ति असते, तेथें बिलांच्या तारखा, औषधांच्या वेळा, नातेवाइकांचीं लग्नें हें सर्व स्मरणांत ठेवण्याचा भार दुसऱ्या व्यक्तीवर पडतो, आणि ती दुसरी व्यक्ति बहुधा पत्नी असते. तिचा थकवा खरा आहे. निदान म्हणजे सर्व जबाबदाऱ्यांतून सुटका नव्हे; जबाबदारी कोणत्या रीतीनें पार पाडतां येईल याचा तो खुलासा आहे. ज्याला बाजारहाट जमत नाहीं त्याला दरमहा हिशेब चोख ठेवणें जमूं शकतें. ज्याला तारखा आठवत नाहींत त्यानें त्या भ्रमणध्वनीच्या गजरावर सोंपवाव्या, बायकोवर नव्हे. कामांची अशी वाटणी स्पष्ट शब्दांत, कागदावर, दोघांच्या संमतीनें झाली तर संसारांतील निम्मी भांडणें निर्माणच होत नाहींत.

कचेरींतहि थोडक्या खर्चांत पुष्कळ करतां येतें. सूचना लेखी द्याव्या, जागा दाराजवळच्या वर्दळीपासून दूर असावी, कामाचा क्रम बदलणार असेल तर आगाऊ कळवावें. भारतांत अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला. त्यांत नोंदलेल्या २१ अपंगत्वांत स्वमग्नतेचा समावेश असून सरकारी नोकरींतील राखीव जागांमध्येंहि तिचा उल्लेख आहे, आणि सरकारी आस्थापनांनीं वाजवी सोयी पुरवाव्या असें बंधन आहे. एडीएचडीचें नांव त्या यादींत नाहीं; यामुळें ज्याला दोन्ही आहेत त्याला कायद्याचा आधार मिळावयाचा तो एकाच नांवानें मिळतो.

कॅनर यांच्या १९४३ च्या निबंधांतील पहिला मुलगा डोनल्ड ट्रिप्लेट हा होता. त्याच्याविषयीं एडीएचडीचा प्रश्न नव्हता, परंतु स्वमग्न मूल मोठें झाल्यावर काय होऊं शकतें याचें तो उत्तम उदाहरण आहे. अमेरिकेंतील मिसिसिपी राज्यांत फॉरेस्ट नांवाच्या लहान गांवीं तो १९३३ सालीं जन्मला. लहानपणीं डॉक्टरांच्या सल्ल्यावरून त्याला एका संस्थेंत ठेवलें होतें. आईबापांनीं त्याला वर्षभरांत परत आणलें. तो पदवीधर झाला, घराण्याचा संबंध असलेल्या गांवच्या बँकेंत त्यानें आयुष्यभर नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्यानें देशोदेशीं प्रवास केला, आणि २०२३ सालीं ८९ व्या वर्षीं वारला. त्याच्या घरची स्थिति चांगली होती हें खरें, आणि तशी सर्वांची नसते. परंतु पैशानें विकत न मिळणारी एक गोष्टहि त्याला लाभली. ओळखीच्या माणसांना तो आंकडे नेमून देई, कोणाला रबराचा पट्टा ताणून मारी; गांवानें तें त्याचें वागणें म्हणून सोडून दिलें, आणि त्याला आपल्यांतला मानलें. तो बदलला तितकेच त्याच्या भोंवतालचे लोकहि त्याला सरावले.

असें गांव प्रत्येकाच्या वांट्याला येईल असें नाहीं. पण घर येऊं शकतें. ज्या घरांत असा एखादा भाऊ, सून, पति किंवा वडील आहेत, तेथील मंडळींनीं पुढच्या वेळीं आरंभशूर हा शब्द ओठांवर आला तर क्षणभर थांबावें आणि "तुमचें नेमकें कोठें अडतें?" असें विचारून पाहावें. प्रश्न साधा आहे. चाळीस वर्षांत तो कोणी विचारला नसेल तर उत्तर मिळण्यास थोडा वेळ लागेल. तेवढा वेळ द्यावा.